रूट केलेल्या फोनचा बॅकअप नेमका कुठे अडतो

परभणी, नांदेड, लातूरकडच्या पोरांच्या हातात रूट केलेले, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवलेले फोन बरेच दिसतात, आणि प्रत्येक वेळी त्यामागे हौसच असते असं नाही. फोन चार-पाच वर्षांचा झालेला असतो, कंपनीचे अपडेट बंद झालेले असतात, आणि नवा घ्यायचा तर सोयाबीनचे पैसे हातात यायचे असतात. मग कुणीतरी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप उघडून त्यात लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत प्रणाली टाकून देतं आणि फोन पुन्हा पळायला लागतो. त्याच फोनमध्ये शेताचे फोटो, पीक विम्याच्या पावत्या, शिकवणीच्या नोट्स आणि दुकानाची उधारी असते. या सगळ्याचा बॅकअप घेताना एरर आली की बहुतेक जण बॅकअपचं ॲप काढून दुसरं टाकतात. तिथेही तीच एरर येते, कारण बहुतेक वेळा दोष ॲपचा नसतो.

बॅकअप म्हणजे चार कामं एकामागून एक. रूटची परवानगी मिळवायची, दुसऱ्या ॲपचा डेटा वाचायचा, तो कुठेतरी लिहून ठेवायचा, आणि गरज पडेल तेव्हा जागेवर परत बसवायचा. एरर या चारपैकी कुठल्या कामात आली हे आधी ओळखायचं. पहिल्या तीन कामांत बिघाड झाला तर बहुतेक वेळा फोन निदान तसं सांगतो. चौथ्यात मात्र 'यशस्वी' असा हिरवा शिक्का दिसतो आणि डेटा गेलेला असतो. माणसांचं खरं नुकसान तिथे होतं, म्हणून या लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी एक गोष्ट, ज्यांचा फोन अजून रूट झालेला नाही त्यांच्यासाठी. बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. त्यामुळे सगळ्यात पहिला बॅकअप रूटशिवायच घ्यावा लागतो: फोटो संगणकावर, संपर्क गूगल खात्यात, व्हॉट्सॲपचा त्याच्या स्वतःच्या सोयीतून. 'रूट झाल्यावर निवांत बॅकअप घेऊ' म्हणणाऱ्याकडे तेव्हा घ्यायला काहीच उरत नाही.

रूट लागतंच कशाला? अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे. फोनमधलं प्रत्येक ॲप लिनक्सच्या दृष्टीने एक वेगळा वापरकर्ता असतं आणि त्याला १०००० पासून पुढचा एक क्रमांक मिळतो. त्या ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये दुसरं ॲप डोकावू शकत नाही. बॅकअपचं ॲपही या नियमाला अपवाद नाही. गूगलचा आपोआप होणारा बॅकअप अँड्रॉइड ६ पासून आहे, पण त्यात एका ॲपला जास्तीत जास्त २५ एमबी मिळतात, आणि ॲप बनवणाऱ्याने नको म्हटलं असेल तर तेवढेही नाहीत. संगणकाला केबल लावून बॅकअप घेण्याची एडीबीची जुनी सोय अँड्रॉइड १२ पासून जवळजवळ निकामी झाली आहे. नव्या ॲपांचा डेटा ती उचलतच नाही. रूट म्हणजे शून्य क्रमांकाचा वापरकर्ता. त्याला सगळी दारं उघडी असतात, म्हणून पूर्ण बॅकअप त्याच्याच हातून होतो.

परवानगीपाशीच अडलं तर

'रूट ॲक्सेस नॉट अव्हेलेबल' किंवा तशा अर्थाचं काही दिसलं, तर फोनला रूट अजून आहे का हे आधी बघा. मॅजिस्क हे साधन फोन सुरू करणाऱ्या बूट विभागात बदल करून रूट मिळवून देतं. रात्री फोनने स्वतःहून सिस्टिम अपडेट बसवलं की तो विभाग नव्याने लिहिला जातो आणि रूट जातं. सकाळी बाकी सगळं जसंच्या तसं दिसतं, बॅकअप तेवढा बंद पडलेला असतो. यावर इलाज म्हणजे नव्या आवृत्तीची बूट इमेज, म्हणजे त्या विभागाची फाइल, मॅजिस्कमधून पुन्हा पॅच करून (हवा तो बदल करून) टाकायची. अँड्रॉइड १३ किंवा पुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत बूटऐवजी 'इनिट बूट' नावाची इमेज पॅच करावी लागते. चुकीची इमेज पॅच केली की रूट मिळत नाही आणि माणूस उगाच ॲपला दोष देत बसतो.

रूट असूनही परवानगी मिळत नसेल तर कारण बहुधा साधं असतं. मॅजिस्क परवानगीची खिडकी दाखवतं आणि थोडे सेकंद थांबतं. मूळ सेटिंग १० सेकंदांचं आहे. तेवढ्यात होकार दिला नाही तर तो नकार धरला जातो. पहाटे तीनला ठरवून ठेवलेला बॅकअप अशाच वेळी मार खातो, कारण खिडकी येते तेव्हा घर झोपलेलं असतं. म्हणून दिवसा एकदा हाताने बॅकअप चालवून कायमची परवानगी देऊन ठेवा. मॅजिस्कऐवजी केर्नलएसयू हे रूटचं दुसरं साधन वापरत असाल तर अशी खिडकी येतच नाही. त्याच्या व्यवस्थापक ॲपमध्ये जाऊन बॅकअपच्या ॲपला स्वतः रूट द्यावं लागतं. बँकेच्या ॲपांपासून रूट लपवण्यासाठी मॅजिस्कमध्ये जी 'डिनायलिस्ट' असते, तिच्यात घाईघाईत बॅकअपचं ॲपही टाकलं गेलं असेल तर तेही तपासा. त्या यादीतल्या ॲपला रूट दिसतच नाही.

वाचताना अडलं तर

इथे दोन वाटा वेगळ्या होतात. एकात फोन चालू असताना निओ बॅकअप किंवा स्विफ्ट बॅकअपसारखं ॲप एकेका ॲपचा डेटा उचलतं. दुसऱ्यात फोन बंद करून टीडब्ल्यूआरपी रिकव्हरीतून, म्हणजे अँड्रॉइडच्या बाहेर चालणाऱ्या दुरुस्तीच्या प्रणालीतून, सगळा डेटा विभाग एकगठ्ठा घेतला जातो.

टीडब्ल्यूआरपीची सगळ्यात बदनाम एरर म्हणजे २५५. पडद्यावर 'क्रिएटटारफोर्क प्रोसेस एंडेड विथ एरर २५५' असं येतं आणि काम थांबतं. हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. गठ्ठा बांधताना एखादी फाइल हाताळता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती फाइल कुठली हे नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये लिहिलेलं असतं. टीडब्ल्यूआरपीच्या ॲडव्हान्स्ड भागात 'कॉपी लॉग' आहे. तो घ्या आणि शेवटच्या काही ओळी वाचा. आपल्याकडे बऱ्याचदा तिथे ९९९ हा आकडा असलेला फोल्डर निघतो. हा दुसऱ्या व्हॉट्सॲपचा फोल्डर. घरचा एक नंबर आणि दुकानाचा एक, म्हणून 'ड्युअल ॲप' चालू केलं की बरेच फोन आतल्या आत ९९९ क्रमांकाचा आणखी एक वापरकर्ता तयार करतात, आणि टीडब्ल्यूआरपी त्याच्या फाइलींवर अडखळते. ड्युअल ॲप बंद केलं की एरर जाते, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबरही आहे. पण ते बंद करताच दुकानाच्या व्हॉट्सॲपचा सगळा डेटा पुसला जातो. आधी त्या दुसऱ्या व्हॉट्सॲपच्या आत जाऊन चॅट बॅकअप घ्या, ती फाइल फोनबाहेर काढा, मगच ड्युअल ॲपला हात लावा.

टीडब्ल्यूआरपीत फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसत असतील, किंवा 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' येत असेल, तर डेटा अजून कुलूपबंद आहे. अँड्रॉइड १० घेऊन आलेल्या फोनांपासून प्रत्येक फाइल वेगळी कूटबद्ध करण्याची पद्धत सक्तीची झाली, आणि ते कुलूप तुमच्या पिन किंवा पॅटर्नशी बांधलेलं असतं. तुमच्या फोनसाठी बनलेल्या टीडब्ल्यूआरपीला ते उघडता येत असेल तर ती पिन विचारते. न विचारताच पुढे गेली तर तिला ते जमत नाही असं समजा. अशा अवस्थेत घेतलेला बॅकअप निरुपयोगी. माझं स्पष्ट मत असं, की गेल्या काही वर्षांतल्या फोनांवर टीडब्ल्यूआरपीतून डेटा घेण्याच्या मागे लागूच नये. चालू फोनवर, कुलूप उघडलेलं असताना, ॲपमधूनच बॅकअप घ्यावा. टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपमध्ये फोटो आणि डाउनलोडचा भाग मुळात धरलेलाच नसतो, हेही अनेकांना फोन पुसून झाल्यावर कळतं.

लिहिताना अडलं तर

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणजे जागा संपली, हे उघड आहे. कधी कधी मात्र कार्डात ४० जीबी मोकळे असतात आणि काम बरोबर ४ जीबीला येऊन तुटतं. असं झालं तर कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. एक्सफॅट केलं की प्रश्न मिटतो, फक्त फॉरमॅट करण्याआधी कार्डातलं काढून घ्या.

कार्ड किंवा पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरला दिसतं आणि बॅकअपच्या ॲपला दिसत नाही, अशी तक्रार मॅजिस्कवाल्या फोनांत नेहमीची आहे. मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये 'माउंट नेमस्पेस मोड' आहे, तो 'ग्लोबल' करा आणि फोन एकदा बंद-चालू करा. अँड्रॉइड ११ पासून साठवणुकीवर जे निर्बंध आले, त्यामुळे बॅकअपच्या ॲपला 'सर्व फाइलींची परवानगी' वेगळी द्यावी लागते, तीही बघून घ्या.

एखाद्या ॲपचा फोल्डर हाताने उचलून तसाच्या तसा कार्डावर टाकू नका. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोन्ही पद्धतींत फाइलचा लिनक्समधला मालक कोण, हे लिहून ठेवायला जागाच नाही. नावात अपूर्णविराम (:) असलेली फाइल तर तिथे बसतही नाही. म्हणून बॅकअपची ॲपं आधी सगळं एका टार गठ्ठ्यात बांधतात आणि तो गठ्ठा कार्डावर ठेवतात.

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या 'एक टीबी'च्या कार्डांबद्दल कळकळीने सांगतो, त्यांवर बॅकअप ठेवू नका. आत खरी जागा थोडीशीच असते, फोनला मात्र ती मोठी भासवलेली असते. लिहिताना कुठलीही एरर येत नाही, जुन्या फाइलींवर नव्या फाइली चढत जातात, आणि वाचायला गेलं की सगळं मोडलेलं निघतं. संगणकावर एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू नावाची मोफत साधनं आहेत. ती पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून बघतात. नवं कार्ड आणलं की ही चाचणी घ्यावी, वेळ लागला तरी चालेल.

'इनपुट आउटपुट एरर' आली तर बाकी सगळं सोडा. त्याचा अर्थ साठवणुकीची चिपच वाचायला नकार देते आहे, कार्डाची किंवा खुद्द फोनची. पुन्हा पुन्हा पूर्ण बॅकअप लावत बसू नका. जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी, एकेक फोल्डर करून, केबलने संगणकावर काढा.

आपल्या भागाचे म्हणून दोन त्रास आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फोन चार्जिंगला लावून मोठा बॅकअप चालवला तर तो तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि जास्तच तापला तर बंद होतो. शेवटचा गठ्ठा अर्धवट राहतो. आणि 'चार्जिंग चालू आणि वाय-फाय असतानाच' अशी अट घातलेली असेल, तर लाइट गेली की चार्जर आणि राउटर दोन्ही एकदम जातात. अट मोडली म्हणून अँड्रॉइड काम मध्येच थांबवतं. याला बिघाड समजू नका. फोन किमान अर्धा चार्ज असताना, पहाटेच्या गारव्यात, अटीशिवाय आणि कार्डावर बॅकअप घ्या. क्लाउडवर चढवायचं काम नंतर वेगळं करा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागची ॲपं बंद करत असेल तर बॅकअपच्या ॲपला 'ऑटोस्टार्ट' द्या आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' निवडा.

परत बसवताना

अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा नांदेडहून फोन करतो तेव्हा प्रश्न बहुतेक याच टप्प्याचा असतो. "मामा, रिस्टोअर सक्सेसफुल म्हणतंय, पण ॲप उघडलं की लगेच बंद पडायलंय." मी त्याला एवढंच विचारतो, "फाइली आल्या हे कळलं, पण कुणाच्या नावावर आल्या ते बघितलास का?"

वर सांगितलेला क्रमांक इथे आडवा येतो. समजा जुन्या फोनमध्ये एका ॲपचा क्रमांक १०२१७ होता. नव्या फोनमध्ये किंवा फोन पुसल्यावर तेच ॲप टाकलं तर त्याला १०१८४ मिळू शकतो. बॅकअपमधल्या फाइलींवर मात्र अजून १०२१७ चं नाव आहे. घर बांधून झालं, माणूस राहायला आला, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचंच, तशी ही गत होते. ॲप स्वतःच्याच फोल्डरपाशी जातं आणि त्याला 'परमिशन डिनाइड' मिळतं. चांगलं बॅकअप ॲप हा मालकी हक्क आपोआप बदलतं. हाताने फोल्डर ठेवला असेल, किंवा एका ॲपने घेतलेला बॅकअप दुसऱ्या मार्गाने बसवला असेल, तर ते राहून जातं.

दुरुस्ती अशी. टर्मक्ससारख्या टर्मिनलमध्ये रूट होऊन त्या ॲपच्या फोल्डरची तपशीलवार यादी काढा. मालकाच्या जागी 'यू०_ए१८४' (u0_a184) असं काही दिसेल. तो १०१८४ चा संक्षेप आहे. फोल्डरचा बाहेरचा मालक एक आणि आतल्या फाइलींचा दुसराच असेल, तर 'चओन' (chown) या आज्ञेने आतल्या सगळ्या फाइली बाहेरच्याच मालकाच्या करा. कॅशचा फोल्डर सरळ काढून टाकला तरी चालतो.

एवढं करूनही ॲप बंद पडत असेल तर कारण आणखी एक थर खाली आहे. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, एसईलिनक्स नावाचा पहारा संपूर्ण प्रणालीवर सक्तीने चालतो. प्रत्येक फाइलला मालकाखेरीज एक लेबल असतं. लेबल चुकलं तर मालक बरोबर असूनही दार उघडत नाही. लॉगमध्ये 'एव्हीसी डिनाइड' अशी ओळ दिसली की समजायचं, प्रकरण लेबलचं आहे. 'रीस्टोअरकॉन' (restorecon) ही आज्ञा त्या फोल्डरवर, उपफोल्डरांसकट चालवली की लेबलं जागेवर येतात. काही जण यावर उपाय म्हणून एसईलिनक्स 'पर्मिसिव्ह' करून ठेवतात. तसं करू नका. एका ॲपच्या दुरुस्तीपायी सगळ्या फोनचा पहारा उठवल्यासारखं होतं.

ॲप मुळात बसतच नसेल तर गोष्ट वेगळी. 'मिसिंग स्प्लिट' म्हणजे ॲप अनेक तुकड्यांत होतं आणि बॅकअपमध्ये एकच तुकडा आला. प्ले स्टोअरने २०२१ पासून नव्या ॲपांना ही तुकड्यांची पद्धत सक्तीची केली. टायटॅनियम बॅकअप एकेकाळी या कामातलं पहिलं नाव होतं. त्यात कित्येक वर्षं सुधारणा झालेली नाही, आणि तुकड्यांच्या ॲपांपुढे ते हतबल ठरतं. आता त्याच्यावर विसंबू नका. 'व्हर्जन डाउनग्रेड' म्हणजे फोनमध्ये आधीच नवी आवृत्ती आहे. सही जुळत नाही असं आलं तर दोन्ही ॲपं वेगळ्या ठिकाणाहून आलेली आहेत. तिन्ही प्रकारांत ॲप प्ले स्टोअरवरून घ्यावं आणि बॅकअपमधून फक्त डेटा बसवावा.

रूटलाही न मिळणारी किल्ली

आता जे सांगतो ते मान्य करणं अनेकांना जड जातं. काही ॲपांचा बॅकअप रूटनेही होत नाही, आणि त्यावर युक्ती शोधण्यात रात्र घालवू नये. ही ॲपं आपला डेटा कूटबद्ध करून ठेवतात आणि त्याची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या एका बंदिस्त भागात असते. ती किल्ली वापरता येते, बाहेर काढता येत नाही. रूटलाही नाही. बॅकअपमध्ये कुलूपबंद फाइल येते, किल्ली जुन्या फोनमध्येच राहते. फोन फॅक्टरी रिसेट केला तर त्याच फोनमधली किल्लीही नष्ट होते.

सिग्नल हे संदेशांचं ॲप असंच आहे. त्यासाठी त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधला स्थानिक बॅकअप घ्या आणि त्याची परवलीची किल्ली वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच्याच सोयीतून घेतलेला बरा. एंड टू एंड कूटबद्ध केला असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली जपा, ती हरवली तर कुणीही तो उघडून देऊ शकत नाही. हा बॅकअप आता गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीतूनच जागा घेतो, म्हणून तो अडला तर ड्राइव्ह भरलं आहे का ते आधी बघा. ओटीपी तयार करणारी ॲपं फोन पुसण्याआधी त्यांच्याच निर्यातीच्या सोयीने हलवा. बँक आणि यूपीआयच्या ॲपांचा डेटा बॅकअपमध्ये घेऊच नका. ती नव्याने नोंदणी मागणार, आणि रूट ओळखलं तर कदाचित चालणारही नाहीत. कित्येक ॲपं तर फक्त लॉगिन पुन्हा मागतात. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला फोनची वेगळी ओळख दिली जाते, ती बदलली की ॲपला वाटतं फोनच नवा आहे.

घेतलेला बॅकअप तपासायचा कसा

ज्यात काही मोलाचं नाही असं एक छोटं ॲप निवडा, उदाहरणार्थ नोंदवहीचं. त्यात दोन ओळी लिहा, बॅकअप घ्या, ॲपचा डेटा पुसा आणि रिस्टोअर करा. दोन ओळी परत दिसल्या तर परवानगी, वाचन, लेखन, मालकी आणि लेबल ही सगळी साखळी शाबूत आहे. नाही दिसल्या तर लगेच लॉग बघा. एरर ताजी असताना लॉग वाचणं सोपं जातं, तासाभराने त्यावर दुसऱ्या हजारो ओळी चढलेल्या असतात. कुणाला मदत मागायची असेल तर 'बॅकअप होत नाही' एवढंच न सांगता फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, मॅजिस्क की केर्नलएसयू आणि लॉगमधली एररची ओळ द्या.

फोनमध्ये आणखी काही छोटे विभाग असतात, ते ॲपांच्या बॅकअपमध्ये कधीच येत नाहीत. क्वालकॉमच्या फोनांत 'पर्सिस्ट' आणि 'मॉडेमएसटी' नावाचे, सॅमसंगमध्ये 'ईएफएस'. आयएमईआय, नेटवर्क आणि सेन्सरची मापं त्यात असतात. रॉम, म्हणजे नवी प्रणाली टाकताना ते बिघडले तर फोन चालतो पण सिम पकडत नाही. रूट आहे तोवर 'डीडी' (dd) आज्ञेने किंवा टीडब्ल्यूआरपीतून त्यांची एक प्रत काढून संगणकावर ठेवा. मिळून काहीशे एमबीही होत नाहीत. ही प्रत फक्त त्याच फोनला चालते. मित्राचं मॉडेल तेच असलं तरी त्याच्या फोनची प्रत आपल्या फोनमध्ये टाकू नका.